नानाभॉय मूस आणि थरथरणारी सुई

एक छोटा प्रयोग करा. कॉलेजच्या पार्किंगमध्ये मोबाईलमधलं कंपास ॲप उघडा, उत्तर दिशा बघून ठेवा आणि फोन हळूहळू एखाद्या बुलेटच्या इंजिनाजवळ न्या. उत्तर हलते. बाजूला आलात की परत जागेवर. लोखंड जवळ आलं की चुंबकसुई बिथरते, हे आपण सहावी-सातवीत शिकलोय. आता कल्पना करा, की तुमचं अख्खं करिअर या सुईवर उभं आहे. तिची केसाएवढी हालचालसुद्धा तुम्हाला टिपायची आहे, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. आणि एक दिवस बातमी येते, की तुमच्या शेजारून विजेची गाडी जाणार आहे.

आपल्या कोरेगाववरून जाणाऱ्या पुणे-मिरज लाईनवर विजेच्या तारा आल्या तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं. डिझेलचा धूर गेला, विषय संपला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायचं ठरत होतं, तेव्हा मुंबईकरांनाही असंच वाटलं असणार. पण कुलाब्याला, समुद्राच्या टोकाला, एक वेधशाळा होती. तिचे संचालक होते नानाभॉय आर्देशीर फ्रामजी मूस. त्यांच्यासमोर ट्राम म्हणजे साठ वर्षांच्या कामावर येऊ घातलेलं संकट होतं.

भूचुंबकत्वाचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये मूस हे मोठं नाव आहे. आपल्या पुस्तकांत मात्र ते फारसं येत नाही. मला ते भेटलं मे २०२४ मुळे. १० आणि ११ मेच्या रात्री लडाखमधल्या हानले इथलं आकाश लाल झालं, आठवतंय ना? सगळ्यांच्या स्टेटसला ते फोटो होते. सूर्यावरून आलेल्या प्रचंड झोताने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वादळ उठलं होतं. अशी वादळं किती वेळा येतात, कशी वाढतात, कशी शमतात, याची ओळख जगाला करून देणाऱ्या पहिल्या काही लोकांत एक मुंबईकर पारशी गृहस्थ होता, हे तेव्हा वाचनात आलं.

मूस यांचा जन्म १८५९ च्या ऑक्टोबरमधला, मुंबईचा. हे वर्ष लक्षात ठेवा. त्याच वर्षी १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाने सूर्यावरच्या डागांचं चित्र काढताना अचानक पांढरा लखलखाट पाहिला. साडेसतरा तासांच्या आसपास गेले आणि पृथ्वीवर आजवरच्या नोंदींमधलं सगळ्यात प्रसिद्ध चुंबकीय वादळ धडकलं. तारायंत्रांच्या तारांतून ठिणग्या उडाल्या. युरोप-अमेरिकेत रात्रीचं आकाश रंगलं. तेव्हा मुंबईत २ सप्टेंबरची सकाळ होती आणि कुलाब्याच्या वेधशाळेत माणसं डोळ्यांनी सुई बघून आकडे लिहीत होती. त्या वह्यांमध्ये पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा भाग एकदम सोळाशे नॅनोटेस्लाने खाली आलेला दिसतो. आपल्याकडे हे क्षेत्र ढोबळमानाने अडतीस हजार नॅनोटेस्ला असतं. शांत दिवशी ते पन्नासेकने वरखाली होतं. यावरून सोळाशेचा अंदाज करा.

या वादळानंतर दोनेक महिन्यांनी जन्मलेल्या मुलाच्या हाती पुढे त्याच वह्या यायच्या होत्या.

जांभेकरही इथलेच

वेधशाळेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिची गोष्ट मूस यांच्या आधी सुरू होते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये ती उभी केली. हेतू सरळ होता. जहाजांना अचूक वेळ हवी आणि त्यासाठी तारे बघायला हवेत. चुंबकीय नोंदी १८४१ मध्ये सुरू झाल्या. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांनी त्या सुरू केल्या आणि त्या काळात त्यांच्यासोबत तरुण मराठी माणसं होती. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे टिळक-आगरकरांना पुढे गणित शिकवणारे केरूनाना, कोवळ्या वयात इथे नोकरीला लागले. आणि ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनीही कुलाबा वेधशाळेचं काम पाहिलं होतं. दर वर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिनाचे कार्यक्रम होतात, बाळशास्त्रींच्या फोटोला हार घातला जातो. मास कॉमच्या वर्गात त्यांच्यावर मी दोन असाइनमेंट्स लिहिल्यात, पण त्यांचा चुंबकसुईशी काही संबंध होता हे मला पदवी मिळेपर्यंत माहीत नव्हतं.

तर अशा परंपरेत मूस आले. मुंबई विद्यापीठाची सिव्हिल इंजिनिअरिंगची एल.सी.ई. पदवी त्यांच्याकडे होती. नंतर ते स्कॉटलंडला एडिंबरा विद्यापीठात विज्ञान शिकायला गेले. परत आल्यावर एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले. एडिंबराच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो करून घेतलं. १८९६ मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. पूर्णवेळ संचालक होणारे ते पहिले भारतीय. वय छत्तीस-सदतीस. इंग्रजांच्या राज्यात शास्त्रीय संस्थेच्या खुर्चीवर भारतीय माणूस बसणं तेव्हा अगदीच दुर्मीळ होतं.

पद मिळालं ते वर्षही बघण्यासारखं आहे. पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला. म्हणजे मूस खुर्चीवर बसले तेव्हा इलेक्ट्रॉन हा शब्द पुस्तकात सुद्धा धड आला नव्हता. अवकाशात तो कुठे असतो, काय करतो, हा प्रश्नच विचारला जात नव्हता. तरी मूस आयुष्यभर ज्याचा पाठलाग करत होते त्याचं मूळ शेवटी अशाच विद्युतभारित कणांच्या हालचालीत निघालं.

वेधशाळेत १८७२ पासून नोंदी फोटोवर व्हायला लागल्या होत्या. पद्धत सुंदर होती. अंधाऱ्या खोलीत बारीक दोऱ्यावर एक चुंबक टांगलेला. त्याला चिकटवलेला इवलासा आरसा. दिव्याचा किरण आरशावर पडून फोटोच्या कागदावर जातो. कागद घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या नळकांड्यावर गुंडाळलेला. चुंबक किंचित हलला की किरण कागदावर बराच सरकतो. दिवस संपला की कागद धुवायचा, आणि चोवीस तासांची रेष हातात. आज आपण ईसीजीचा कागद बघतो तसंच काहीसं, फक्त हृदय पृथ्वीचं.

अशा खोलीत जाताना खिशातल्या किल्ल्यासुद्धा बाहेर ठेवाव्या लागतात. मग खोलीपासून काही अंतरावर विजेची ट्राम सुरू झाली तर काय होईल?

ट्राम येणार, मग सुई कुठे जाणार?

लोकांना वाटतं त्रास ट्रामच्या लोखंडाचा. तो थोडा असतोच. पण खरी अडचण वेगळी आहे. ट्रामची वीज मोटर फिरवून रुळांमधून परत जाते. रूळ जमिनीवरच असतात, त्यामुळे ती सगळीच्या सगळी रुळात राहत नाही, काही भाग मातीत झिरपतो आणि वाट फुटेल तसा वाहतो. जिथे वीज वाहते तिथे चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ट्राम निघाली, थांबली, दोन ट्राम एकदम निघाल्या, की प्रत्येक वेळी सुई हलणार. सूर्यावरून आलेली थरथर कुठली आणि ट्रामच्या स्टॉपवरून आलेली कुठली, हे त्या रेषेवरून कुणालाच सांगता येणार नाही.

हा त्रास एकट्या मुंबईचा नव्हता. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेच्या चुंबकीय नोंदीही विजेच्या ट्राममुळे खराब व्हायला लागल्या आणि १९०८ मध्ये ते काम स्कॉटलंडमध्ये एस्कडेलम्युअर इथे हलवावं लागलं. मुंबई त्याआधीच हलली होती.

मूस यांनी नवी जागा शोधली ती अलिबागला. मुंबईपासून हवाई अंतर तीसेक किलोमीटर. ट्रामपासून लांब, पण इतकं लांब नाही की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा स्वभावच बदलावा. गंमत बघा, अलिबाग हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचं ठिकाण. म्हणजे वेधशाळा कुलाब्यातून निघून कुलाब्यातच गेली! (रायगड हे नाव त्या जिल्ह्याला १९८१ मध्ये मिळालं.)

इमारत बांधताना इंजिनिअर मूस यांचं शिक्षण कामी आलं असणार. भिंतींसाठी पोरबंदरचा दगड आणला, कारण त्यात चुंबकीय गुण जवळजवळ नाहीत. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण इथे चालला नसता, बेसाल्टमध्ये लोहाची खनिजं भरपूर. घर दगडाचं आणि खिळे-बिजागऱ्या लोखंडाच्या असंही चालणार नव्हतं, म्हणून तांबं-पितळ वापरलं. यंत्रांची खोली म्हणजे खोलीच्या आत खोली, दुहेरी भिंतींची, कारण तापमान बदललं तरी चुंबकाची ताकद थोडी बदलते आणि मग उन्हाचा परिणाम सूर्यावरच्या वादळासारखा दिसायला लागतो.

१९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली. आता इथे मूस यांनी जे केलं ते मला त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं. त्यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ पासून १९०६ पर्यंत, साधारण दोन वर्षं, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या.

कशासाठी? मार्केट यार्डात घेवड्याची पोती मोजायचा काटा बदलला तर काय करतात? जुन्या काट्यावर आणि नव्या काट्यावर तीच पोती मोजून बघतात. नव्या काट्यावर प्रत्येक पोतं पाव किलो जास्त भरत असेल, तर तो फरक एकदा कळला की जुना हिशोब आणि नवा हिशोब जोडता येतो. हे न करता काटा बदलला, तर यंदा माल वाढला की काटाच खोटा आहे, यावर वर्षभर भांडत बसावं लागेल. अलिबागच्या जमिनीखालचा खडक कुलाब्याच्या खडकासारखा नाही, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे मुळातच थोडे वेगळे येणार होते. दोन वर्षं एकच आभाळ दोन काट्यांवर मोजल्यामुळे १८४१ पासूनची साखळी तुटली नाही. कुलाबा-अलिबाग अशी जोडनावाने ती आजही ओळखली जाते आणि जगातल्या सगळ्यात लांब चुंबकीय नोंदींमध्ये तिची गणना होते.

विजेची ट्राम मुंबईत धावली ती ७ मे १९०७ ला. तोवर सुया अलिबागला सुखरूप होत्या.

हे वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात याचा अर्थ दोन जागी कर्मचारी, दोन जागी कागद, दोन जागी खर्च, आणि तेही कशासाठी, तर आकडे एकमेकांना जुळावेत म्हणून. यातून बातमी होत नाही. फोटो काढण्यासारखं काही घडत नाही. एखाद्या आजच्या ऑफिसात हा प्रस्ताव कुणी मांडला तर तो बजेट मीटिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांत उडेल, असं मला राहून राहून वाटतं.

साठ वर्षांची बेरीज

पुढचं काम टेबलावरचं. १९१० मध्ये मूस यांचा जाडजूड ग्रंथ दोन भागांत मुंबईच्या सरकारी छापखान्यातून बाहेर पडला. १८४६ ते १९०५ पर्यंतच्या मुंबईतल्या चुंबकीय नोंदी आणि त्यांची चर्चा, असा त्याचा विषय. साठ वर्षांत सव्वापाच लाख तास असतात. कॅल्क्युलेटर नाही, एक्सेल नाही. बेरजा, सरासऱ्या, तक्ते, सगळं हाताने.

त्यातला वादळांचा भाग सगळ्यात गाजला. अडचण अशी होती, की प्रत्येक वादळ वेगळ्या वेळी सुरू होतं. कुठलं पहाटे, कुठलं दुपारी. रोजच्या घड्याळाने त्यांची सरासरी काढली तर सगळं एकमेकांत मिसळून जातं आणि हाती काहीच लागत नाही. यावर उपाय म्हणजे घड्याळ बाजूला ठेवायचं आणि वादळ सुरू झालं तो क्षण शून्य धरायचा. शंभर मॅचेसची तुलना करताना आपण किती वाजता काय झालं ते बघत नाही, कितव्या ओव्हरला काय झालं ते बघतो, तसंच. अशी बरीच वादळं शून्यावर लावून एकावर एक रचली आणि सरासरी काढली, तेव्हा गोंधळातून एक स्वच्छ आकृती वर आली.

आधी एक छोटी उसळी. काही तास क्षेत्र नेहमीपेक्षा थोडं जास्त. मग उतार, तासन् तास चालणारा. आणि मग तळ गाठल्यावर अगदी सावकाश, काही दिवस घेत पूर्ववत होणं. कुठलंही मोठं वादळ घ्या, ढाचा हाच. ब्रिटिश शास्त्रज्ञ सिडनी चॅपमन यांनी पुढे वेगवेगळ्या देशांतल्या वेधशाळांचे आकडे घेऊन हीच वाट रुंद केली. आज जगभर वादळाची तीव्रता सांगायला डीएसटी नावाचा निर्देशांक वापरतात, त्याचं मूळ या ‘वादळाच्या घड्याळात’ आहे. हा निर्देशांक ज्या चार वेधशाळांवरून काढतात त्यात जपान, हवाई, पोर्तो रिको आणि दक्षिण आफ्रिका आहेत. अलिबाग नाही. हे मला थोडं खटकतं, पण असो.

आता प्रश्न हा, की क्षेत्र खाली का येतं? रेषा का बुडते?

मूस यांच्या हयातीत याची उत्तरं यायला नुकती सुरुवात झाली होती. नॉर्वेचे कार्ल स्टॉर्मर कागदावर गणितं करून दाखवत होते, की विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात शिरले तर काही जण तिथेच अडकून पडू शकतात. विषुववृत्ताच्या वर, हजारो किलोमीटर उंचीवर, अशा कणांचं एक कडं असावं, त्यातून पृथ्वीभोवती वीज वाहत असावी आणि त्या विजेचं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या विरुद्ध असल्यामुळे जमिनीवरची सुई ढिली पडत असावी, असा तर्क हळूहळू तयार झाला. कुलाब्याच्या कागदावर बुडणारी रेष म्हणजे त्या कड्याची सावली होती.

पुरावा यायला १९५८ उजाडलं. मूस यांना जाऊन तोवर बावीस वर्षं झाली होती. अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ वर जेम्स व्हॅन ॲलन यांनी गायगर काउंटर ठेवला होता. तो काही उंचीवर गेल्यावर एकदम गप्प झाला. नंतर कळलं की तिथे कण इतके आहेत की यंत्र गुदमरलं. पृथ्वीभोवती किरणोत्सारी पट्टे आहेत, आत एक, बाहेर एक. त्यांना आज व्हॅन ॲलन पट्टे म्हणतात.

बाहेरच्या पट्ट्यात असतात इलेक्ट्रॉन, आणि ते भयानक वेगवान. दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ९४ टक्के वेगाने पळतो. तो चुंबकीय रेषेभोवती सेकंदाला हजारेक गिरक्या घेतो, त्याच वेळी सेकंदभरात उत्तरेकडून दक्षिणेकडे जाऊन परत येतो आणि हे सगळं करत करत पंधराएक मिनिटांत पृथ्वीला प्रदक्षिणा घालतो. वारीतला टाळकरी जसा जागेवर गिरकी घेतो, पुढे-मागे नाचतो आणि तरी एकूण दिंडीबरोबर पुढे सरकत असतो, तसं काहीसं.

जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवर, आपले नाविक आणि डीटीएचचे उपग्रह छत्तीस हजारांवर. हे सगळे या इलेक्ट्रॉनांच्या दाटीतच फिरतात. असा इलेक्ट्रॉन उपग्रहाचं कवच भेदून आत जातो, आतल्या प्लास्टिकमध्ये-वायरमध्ये साठत राहतो आणि एक दिवस आतल्या आत ठिणगी पडते. म्हणून त्यांना खुनी इलेक्ट्रॉन असंही नाव पडलंय.

मूस यांच्या आकृतीवरून या इलेक्ट्रॉनांचं काय होणार ते सांगता येतं का? इथेच गोष्ट अवघड होते. जमिनीवरची रेष बुडवणारं कडं मुख्यतः धन भाराच्या कणांचं, प्रोटॉन आणि ऑक्सिजनच्या आयनांचं असतं. खुनी इलेक्ट्रॉन राहतात त्याच वस्तीत, पण त्यांचं वागणं वेगळं. वादळ सुरू झालं की ते बऱ्याचदा आधी गायबच होतात. मग एक-दोन दिवसांनी परत येतात, कधी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त, कधी तेवढेच, कधी येतच नाहीत. शास्त्रज्ञांनी १९८९ ते २००० मधली २७६ वादळं तपासली. जेमतेम निम्म्या वादळांनंतर इलेक्ट्रॉन वाढले. जवळपास पावपट वादळांनंतर फरकच पडला नाही. उरलेल्यांत ते कमी झाले. आणि रेष किती खोल बुडाली यावरून यातलं काय होणार हे कळत नव्हतं.

ठरवतात त्या लाटा. अवकाश पूर्ण रिकामं नसतं, तिथे विरळ प्लाझ्मा असतो, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन. पाण्यात तरंग उठावेत तसे त्यात विद्युतचुंबकीय तरंग उठतात. वादळात सूर्याच्या विरुद्ध बाजूने, म्हणजे पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूने, कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचे लोंढे आत येतात आणि पहाटेच्या बाजूला वळताना ते असे तरंग जागे करतात. त्यांची वारंवारिता आपल्या कानाला ऐकू येणाऱ्या टप्प्यात पडते, त्यामुळे अँटेनावरचा सिग्नल थेट स्पीकरला जोडला तर चक्क पाखरांचा किलबिलाट ऐकू येतो. या तरंगांना कोरस म्हणतात. पहाटेच्या बाजूला पाखरं किलबिलतात, हा योगायोग मला फारच आवडला.

आता झोका आठवा. नागपंचमीला झाडाला बांधलेल्या झोक्याला नेमक्या वेळी ढकललं तर छोटी पोरगीसुद्धा मोठ्या माणसाला उंच झुलवते. वेळ चुकली तर तोच झोका थांबतो. गिरकी घेणारा इलेक्ट्रॉन आणि कोरसचा तरंग यांचा ठेका जुळला, की तरंग त्याला थोडी ऊर्जा देतो. असं पुन्हा पुन्हा होत होत आधीच बऱ्यापैकी वेगवान असलेला इलेक्ट्रॉन खुनी होतो. हे पट्ट्याच्या आतच, तिथल्या तिथे घडतं, हे व्हॅन ॲलन प्रोब्ज या दोन उपग्रहांनी २०१२ नंतर नीट दाखवून दिलं. उलट पृथ्वीच्या जवळच्या दाट प्लाझ्मात हिस नावाचे तरंग असतात, रेडिओची स्टेशनं शोधताना येणाऱ्या खरखरीसारखे. ते इलेक्ट्रॉनला वाटेवरून ढळवतात आणि तो वातावरणात कोसळून संपतो. दोन पट्ट्यांच्या मधली मोकळी जागा मुख्यतः या खरखरीने राखलेली आहे. एकाच वादळात कुठे किलबिलाट चालू, कुठे खरखर. कोण जिंकतं त्यावर इलेक्ट्रॉनांचं भवितव्य.

यातलं काहीही मूस यांना माहीत असणं शक्य नव्हतं. त्यांच्याकडे जमीन होती, दोऱ्यावरचा चुंबक होता आणि कागद होता. पण उपग्रहांचा डेटा मिळून अजून पन्नास-साठ वर्षंच झालीत. सर्वांत वाईट वादळ किती वाईट असू शकतं, हे विचारायचं तर मागे जावं लागतं, आणि मागे गेलं की वाट कुलाब्याच्या वह्यांपाशीच येते. २००३ मध्ये नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनी १८५९ च्या त्या आकड्यांवर नव्याने काम केलं, तेव्हा तो सोळाशेचा उतार जगासमोर आला. उपग्रह कंपन्या आणि वीजमंडळं आज ज्या सर्वांत वाईट दिवसाचा विचार करतात तो हा दिवस. नोंद जुळलेली नसती, मध्येच ट्रामने खाल्ली असती, तर आजच्या वादळांशी त्याची तुलना करणं फार कठीण गेलं असतं.

मूस यांनी वेधशाळेत भूकंपमापकही बसवून घेतला, हवामानाच्या नोंदी चालूच होत्या. १९१९ च्या सुमारास ते निवृत्त झाले. तेवीस वर्षं एकाच संस्थेचा कारभार. १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं.

कुलाबा आणि अलिबागच्या या कामातूनच १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्रपणे उभी राहिली. तिचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे. व्हॅन ॲलन पट्ट्यांतल्या तरंगांवर तिथे संशोधन चालतं. आपल्याला जवळ म्हणाल तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारातही या संस्थेचं केंद्र आहे, तिथला रडार साठ ते शंभर किलोमीटर उंचीवरचे वारे मोजतो. फिजिक्सला असाल तर विचारून बघा, विद्यार्थ्यांना दाखवतात का. भारताचं आदित्य एल-१ हे यान सूर्याकडे निघालं ती तारीख होती २ सप्टेंबर २०२३. १८५९ चं वादळ मुंबईत पोचलं तीच तारीख, १६४ वर्षांनंतर. तारीख ठरवताना हे कुणाच्या डोक्यात नसेल, पण मूस यांना ती नक्की आवडली असती, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय.

अलिबागची वेधशाळा अजून चालू आहे. समुद्रावर फिरायला जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती माहीत नसते. आता फोटोच्या कागदाच्या जागी डिजिटल यंत्रं आली आहेत. मे २०२४ ला हानलेचं आकाश लाल झालं, आपण फोटो फॉरवर्ड करत होतो, तेव्हा तिथे ती जुनी आकृती पुन्हा एकदा उमटत होती. आधी उसळी, मग उतार, मग काही दिवसांची सावकाश चढण.